एनर्जी होणारे पोकेमॉन: बझॅपवाला इलेक्ट्रोड की होलोन्स कास्टफॉर्म?

जुन्या पोकेमॉन कार्डांचा डेक लावताना शेवटच्या चार-सहा जागांवर गाडी अडते. स्वतः पोकेमॉन असून एनर्जीचंही, म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायच्या इंधनाचं, काम करणारं एखादं कार्ड घालावंसं वाटतं, आणि डब्यात दोन सापडतात. एक 1999 च्या बेस सेटमधला इलेक्ट्रोड, दुसरा 2006 च्या होलोन फँटम्समधला होलोन्स कास्टफॉर्म. दोघंही एका कार्डात दोन एनर्जी देतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी चौघं बसतो आणि कुठल्याही सालचं कार्ड चालतं, त्यामुळे मी दोन्ही भरपूर खेळलोय. सांगतोय ते त्याच जोरावर.

इलेक्ट्रोडची मजा वेगळीच, हे आधी कबूल करतो. बझॅप ही त्याची खास ताकद, म्हणजे त्यानं स्वतःला उडवून घ्यायचं आणि आपल्याच दुसऱ्या पोकेमॉनला चिकटायचं. टर्नला एकच एनर्जी लावायचा जो नियम आहे, त्यात हे धरलं जात नाही. म्हणजे बेंचवर (मागच्या राखीव रांगेत) बसलेल्या कोऱ्या ब्लास्टॉइजला एक इलेक्ट्रोड, वर हातातली एक वॉटर, आणि त्याच टर्नला त्याचा तीन वॉटरचा हल्ला, हायड्रो पंप, तयार. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. गंगावेशीच्या तालमीत एखादा पैलवान सलामी झाल्या झाल्या पट काढतो, तसं.

किंमत काय, तर समोरच्याला एक प्राइझ, म्हणजे आपला पोकेमॉन पडला की तो उचलतो ते बक्षिसाचं कार्ड; सगळी उचलली की तो जिंकला. ती सगळेच सांगतील, आणि खरं आहे. त्यात आधी ज्याचा इलेक्ट्रोड होतो तो व्होल्टॉर्ब टाकायचा, तो जगवायचा, मग इलेक्ट्रोड, एवढं करून समोरच्यानं एनर्जी काढून टाकणारं साधं एनर्जी रिमूव्हल कार्ड टाकलं की एका कार्डात दोन्ही एनर्जी गेल्या. प्राइझ तर आधीच गेलेलं. आमच्या आतेभावानं एकदा चारिझार्डवर दोन इलेक्ट्रोड उडवले, चार फायर करून फायर स्पिन मारला. शंभर डॅमेज! पण फायर स्पिनला दोन एनर्जी कार्डं टाकावी लागतात, आणि चारिझार्डवर होतीच दोन कार्डं. दोन प्राइझ देऊन चारिझार्ड पुन्हा उघडा. खोलीतले सगळे हसत होते, तो सोडून.

तरी मला प्राइझनं दमवलं नाही. मला दमवलं ते एका फालतू गोष्टीनं.

बझॅप करताना एनर्जीचा प्रकार तोंडानं सांगायचा असतो. फायर, वॉटर, ग्रास, काय ते. नंतर ते कार्ड पोकेमॉनखाली सरकवलं की त्यावर त्या निवडीची काहीही खूण राहत नाही. इलेक्ट्रोडचं चित्र ते इलेक्ट्रोडचंच. साध्या ब्लास्टॉइजवर कुणी विचारत नाही. माझ्या डेकात मात्र लुगिया ईएक्स होता. त्याच्या एलिमेंटल ब्लास्टला एक फायर, एक वॉटर आणि एक लायटनिंग लागते, 200 डॅमेज. गेल्या पावसाळ्यात मी लुगियावर वॉटर लावली, इलेक्ट्रोड उडवला आणि लायटनिंग म्हटलं. तेवढ्यात लाईट गेली. मिसळ आली होती, ती मेणबत्तीत खाल्ली. लाईट आली, पुढच्या टर्नला मी फायर लावली आणि ब्लास्ट म्हणालो.

"आरं, त्यो फायर केलाईस की तू," आतेभाऊ.

"लायटनिंग म्हणलोय लेका."

"न्हाई न्हाई. फायर. मी ऐकलंय."

पुरावा कुठला? इलेक्ट्रोडच्या स्लीव्हवर कटाचा एक लाल थेंब तेवढा होता. शेवटी नाणं उडवलं. हरलो ते हरलो, पण अर्धा तास गेला. पुढच्या रविवारपासून चिठ्ठ्या ठेवल्या, त्या पंख्यानं उडाल्या.

कास्टफॉर्म हा वादच ठेवत नाही. तो हातातून थेट एनर्जी म्हणून लागतो, सगळ्या प्रकारची एनर्जी देतो, एका वेळी दोन. सांगायचं काही नाही, लक्षात ठेवायचं काही नाही. शिवाय इलेक्ट्रोड दोन्ही एनर्जी एकाच प्रकारच्या देतो. कास्टफॉर्म एकटाच लुगियाची फायर आणि लायटनिंग भागवतो. प्राइझही जात नाही.

त्याचीही खोड आहे. ज्या पोकेमॉनवर आधी एनर्जी आहे त्यालाच तो लागतो, आणि लावताना तिथली एक एनर्जी हातात परत घ्यावी लागते. टर्नची एक एनर्जीही त्यातच खर्च होते. सुरुवातीला हे फार खटकायचं. मग डेकात ब्लास्टॉइज ईएक्स आला. हातात परत आलेली वॉटर त्याच्या एनर्जी रेन या ताकदीनं तिथल्या तिथं पुन्हा लुगियावर, एक डॅमेज काउंटर (दहा डॅमेज) सोसून. ब्लास्टॉइज ईएक्स नसेल तर मात्र एक टर्न थांबायची तयारी ठेवा. अशा वेळी इलेक्ट्रोड खरंच चपळ पडतो, नाकारत नाही.

आणखी एक. कास्टफॉर्म बेसिक आहे, म्हणजे आधी दुसरा पोकेमॉन न टाकता थेट खेळता येतो. सुरुवातीच्या हातात दुसरा पोकेमॉन नसेल तर तोच पुढे बसतो, आणि बेसिक पोकेमॉन शोधून देणारं होलोन मेंटर कार्ड टाकून डेकातून शोधताही येतो. एनर्जी अशी पोकेमॉन म्हणून शोधता येणं म्हणजे चैनच.

डेक एकाच रंगाचा असेल, ब्लास्टॉइजसारखा, आणि सोबतचे लोक शांत स्वभावाचे असतील, तर इलेक्ट्रोडनं दिवस मजेत जाईल. दोन-तीन रंग असतील तर मी तरी कास्टफॉर्मच घालेन. सध्या चार घातलेत.

इलेक्ट्रोडच घ्यायचं ठरलं असेल, तर कार्डाचा नंबर बघून घ्या. बझॅप 21/102 वर आहे. जंगल सेटमधला 2/64 चमकतो छान, पण त्यावर चेन लाइटनिंग आहे, बझॅप नाही. आतेभावानं आधी तोच आणला होता.