इंजिन ‘फुल’ केलं म्हणाले, बेअरिंग मात्र मूळ मापाचंच निघालं

जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायचा विचार असेल तर गॅरेजला गाडी टाकण्याआधी हे वाचा.

आमची टाटामोबाईल पिकअप १९९० ची, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) काळातली. वडील तिच्यावर रोपवाटिकेचा माल नेत. ते गेल्यावर गाडी बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती, टाकीत डिझेलचा डांबरासारखा थर बसला होता. यात नवल काही नाही, उभ्या गाडीचं असंच होतं. जुन्या गाड्यांचं स्पेशल काम करतो म्हणणाऱ्या एका गॅरेजवाल्याने टोचन लावून ती नेली आणि दोन दिवसांनी फोन केला, ‘‘दादा, पिस्टन जाम आहेत, फुल इंजिन करावं लागेल, सगळं खोलून.’’

बिल आलं १ लाख १८ हजारांचं, तेही कच्चं. पक्कं पाहिजे असेल तर १८ टक्के वर द्या म्हणाला. बिलात लाइनर-पिस्टन सेट, ‘क्रँक ग्राइंडिंग ०.५०’ (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा अर्धा मिलिमीटर घासणं), त्यावरची बेअरिंग, पंप-नोझल कॅलिब्रेशन, नवे टायर. इंजिनला चंदेरी रंग मारलेला, एका सेल्फला गाडी चालू. काढलेले पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला कालच घेऊन गेला.

महिन्याभरात इंजिन तापलं की आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिनखालचा ऑइलचा चेंबर खोलला, एक बेअरिंग काढलं आणि पाठ पुसून माझ्यासमोर धरली. वर छाप होता ‘एसटीडी’, म्हणजे मूळ मापाचं. क्रँक अर्धा मिलिमीटर घासला असता तर बेअरिंगवर ०.५० असा छाप हवा होता. घासलेल्या क्रँकवर मूळ मापाचं बेअरिंग घातलं तर मधे इतकी फट राहते की ऑइलचा दाब धरतच नाही, पहिल्या चढालाच इंजिन बोंबलेल. क्रँकला कुणी हातच लावला नव्हता. नुसता हेड उघडून पिस्टन मोकळे केले आणि गॅस्केट बदललं, बास!

खरा चटका पंपाचा बसला. मायको कंपनीचा (आताची बॉश) मूळ डिझेल पंप गायब, जागी दुसराच. त्याच्या नावपट्टीच्या जागी रिव्हेटची दोन रिकामी भोकं. वडिलांनी जपून ठेवलेली डिझेल पंपाच्या लॅबची जुनी पावती सापडली, तिच्यावर आमच्या पंपाचा नंबर होता. नाहीतर हे सिद्ध कसं करणार? ‘नव्या’ टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे ०९१४, म्हणजे २०१४ सालचा नववा आठवडा.

त्याच माणसाने ‘विंटेज’ नोंदणी करून देतो म्हणून आणखी ४० हजार मागितले होते. ते वाचले, कारण २०२१ चा नियम माहीत होता. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि धंद्यात न वापरल्या जाणाऱ्या गाडीलाच ती नोंदणी मिळते, शुल्क २० हजार. आमच्या गाडीची पन्नाशी २०४० ला भरेल.

तेव्हा गाडी देण्याआधी इंजिन, चासी, पंप, अल्टरनेटर, सगळ्यांच्या नंबरांचे फोटो काढा आणि त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकून ‘मिळाले’ असं उत्तर घ्या. इंजिन नंबर आरसीशी जुळवून पाहा, बदललं असेल तर आरटीओत नोंद तुम्हालाच करावी लागते. क्रँक ज्या लेथवर गेला त्याची पावती वेगळी मागा. काढलेले पार्ट गोणीत भरून परत हवेत, हे आधीच लिहून घ्या. ‘विश्वास नाही का?’ म्हणून जो रुसेल, त्याच्याकडून गाडी तशीच ओढून आणा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. बेअरिंग, लॅबची पावती, टायरचे फोटो आणि मिस्त्रींचा लेखी जबाब जोडलाय. नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला, पंप ‘चुकून’ बदलला गेला असेल म्हणे. तो कॉलही रेकॉर्ड केलाय.