मुंबई ते लंडन किती तास? अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांची पारख

दोन शहरांची नावे टाकताच हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी संकेतस्थळे आता ढिगाने झाली आहेत. मुंबई-लंडन ही जोडी घेऊन त्यांतील काही तपासली, तेव्हा अंतराच्या बाबतीत ती बव्हंशी भरवशाची, तर वेळेच्या बाबतीत निव्वळ ठोकताळ्यावर चालणारी आढळली.

अंतरासाठी ‘ग्रेट सर्कल मॅपर’ सर्वांत सरस वाटले. बीओएम (मुंबई) आणि एलएचआर (लंडनचे हीथ्रो) हे विमानतळांचे संकेत दिले की पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग ते नकाशावर काढून दाखवते. तो सुमारे ७,२०० किलोमीटर भरतो. मांडणी जुन्या वळणाची असली, तरी आकडा चोख मिळतो.

वेळेचे मात्र वेगळे आहे. इतर अनेक ठिकाणी याच अंतराला ताशी ८०० किंवा ९०० किलोमीटर अशा ठरावीक वेगाने भागून, वर उड्डाण आणि उतरण्यासाठी अर्धा तास धरला जातो, आणि साडेआठ ते साडेनऊ तासांच्या दरम्यानचा आकडा जाताना व येताना एकच म्हणून पुढे केला जातो. प्रत्यक्षात उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह लंडनला जाणाऱ्या विमानाला अडवतात आणि मुंबईकडे येणाऱ्याला पुढे रेटतात, त्यामुळे दोन्ही दिशांच्या वेळेत सहज तासाभराचा फरक पडतो.

त्याहून मोठी गफलत सर्वांत जवळच्या मार्गाच्या त्या रेषेतच आहे. ती बलुचिस्तानवरून इराणमध्ये शिरते, कॉकेशस पर्वतरांग ओलांडते आणि पुढे क्रिमिया व युक्रेनवरून जर्मनीकडे वळते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झाले आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. नकाशावरच्या रेषेला कोणाची परवानगी लागत नाही, विमानाला लागते! अशा वेळी वळसा घेणे भाग पडते, आणि तो किती मोठा हे कंपनी कोणत्या देशाची यावरही ठरते. पण वेळ सांगणाऱ्या पानांवर याची साधी सूचनाही दिसली नाही.

विमान कंपनीच्या वेळापत्रकातील वेळ ही एका विमानतळाच्या फाटकापासून (गेट) दुसऱ्याच्या फाटकापर्यंतची असते, म्हणजे धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांचा अंदाज तीत धरलेला असतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे, आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या ‘फ्लाइटरडार २४’ या संकेतस्थळावर त्या उड्डाणाच्या क्रमांकाखाली मागील आठवड्यातील प्रत्यक्ष वेळा ताडून घ्याव्यात. लंडनहून पुढची गाडी धरायची असल्यास घड्याळातील फरकही लक्षात ठेवावा: उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास असते, हिवाळ्यात साडेपाच.