सहा फुटी रीफ टाकी: ओव्हरफ्लो, पाईप, संप आणि स्टँड यांत काय निवडावं

फ्लॅटमध्ये मोठी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, करायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती एलईडी कोणती आणि मासे कोणते याची. खरं तर हे दोन्ही पुढच्या वर्षीही बदलता येतं. बदलता येत नाही ते टाकीचं माप, काचेला पाडलेली भोकं आणि खालचा स्टँड. म्हणून इथे तुलना त्यांचीच केली आहे. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोवाटे खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरतं आणि पंप ते रिटर्न पाईपने पुन्हा वर नेतो. प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न विचारतो: रात्री दोनला लाईट गेली, घरात कुणी जागं नाही, चारला परत आली, तर या दोन तासांत पाणी कुठे गेलेलं असेल? दिसायला देखणी, महागडी मांडणी या प्रश्नावर नापास होत असेल तर ती घेऊ नये. खालच्या मजल्यावरच्यांच्या छतात खारं पाणी झिरपलं की ते प्रकरण लवकर मिटत नाही.

चार फूट की सहा फूट

१२० × ६० × ६० सेंमीच्या टाकीत काठोकाठ ४३२ लिटर पाणी मावतं, १८० × ६० × ६० च्या टाकीत ६४८ लिटर. पाणी, १२ मिमी काचेचे सव्वाशे किलो, दगड, वाळू, खालचा संप आणि स्टँड मिळून सहा फुटी टाकी हजार-अकराशे किलोंवर जाते. हा आकडा ऐकून बरेच जण चार फुटीवर येतात. पण दर चौरस मीटरचा भार दोन्हींत सारखाच असतो, साधारण हजार किलो. तो टाकीच्या उंचीवर ठरतो. म्हणजे चार फूट लांब पण अडीच फूट उंच टाकी तेवढ्या जागेपुरती स्लॅबला जास्त जड पडते.

आयएस ८७५ प्रमाणे राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, चलभार (माणसं-सामानाचं वजन) धरून काढतात. हा भार पूर्ण खोलीवर पसरलेला धरलेला असतो, त्यामुळे टाकी ठेवली की स्लॅब लगेच खाली येतो असं नाही. पण जागा मात्र विचार करूनच निवडावी लागते: बीमच्या वर, कॉलमजवळ, भिंतीला लागून. खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या छज्ज्यावर कधीच नाही. सहा फुटीसाठी इमारतीचे नकाशे घेऊन एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला भेटाच. सर्जनफिशसारखे सतत पोहणारे मासे हवे असतील तर सहा फूटच घ्या, चार फुटात त्यांना वळायलाही धाव मिळत नाही. क्लाउनफिश, गोबी आणि मऊ प्रवाळ एवढंच हवं असेल तर चार फूट पुरेसं आहे, आणि पुढचा सगळा खर्चही त्याच प्रमाणात कमी होतो.

प्रवाळ कोणते, हे पाईप ठरवण्याआधी

परदेशी व्हिडिओंमधल्या टाक्या पाहून प्लंबिंग आखू नका, कारण तिथे ती दगडी प्रवाळांसाठी आखलेली असते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाईप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे येतात. समुद्रकाकडी आणि मोठे ट्रिडॅक्ना शिंपलेही संरक्षित आहेत. ‘परदेशातल्या फार्ममध्ये वाढवलेलं आहे’ या विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबू नका. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड आणणं तर सपशेल गुन्हा आहे, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मलाही हा कायदा योग्यच वाटतो. समुद्रातला प्रवाळ कमी करून घरातला वाढवण्यात कसली हौस?

उरतात झोएन्थस, मश्रूम, लेदर, झेनिया हे दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ. सिरॅमिकच्या कृत्रिम दगडांवर हे सुंदर वाढतात. त्यांना मध्यम प्रकाश आणि मध्यम प्रवाह पुरतो, कॅल्शियम रिॲक्टर (पाण्यात कॅल्शियम सोडणारं यंत्र) लागत नाही. त्यामुळे रिटर्न पाईपवरचा दहा फाट्यांचा मॅनिफोल्ड वगळता येतो, आणि जितके जोड कमी तितक्या गळतीच्या जागा कमी.

ओव्हरफ्लो: ड्युर्सो, हर्बी की बीन ॲनिमल

सगळ्यात जास्त वेळ या निर्णयाला द्या, कारण भोकं काच जोडण्याआधीच पाडावी लागतात, आणि टफन केलेल्या काचेला तर पाडताच येत नाहीत.

ड्युर्सोमध्ये एकच पाईप असतो, वर टी आणि टोपीला हवेचं छोटं भोक. पाणी आणि हवा एकत्रच खाली येतात. करायला सोपा, स्वस्त, लाईट आली की आपोआप सुरू होणारा. पण एक इंची पाईपमधून तासाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जायला लागलं की गुडगुड सुरू होते, आणि टाकी हॉलमध्ये असेल तर ती रात्रभर ऐकू येते. त्याहून मोठी अडचण म्हणजे पाईप एकच. एखादी गोगलगाय त्यात जाऊन बसली तर पाण्याला दुसरी वाट नाही.

हर्बीमध्ये दोन पाईप असतात. पहिला पूर्ण भरून सायफनसारखा चालतो, त्याच्यावरच्या व्हॉल्व्हने प्रवाह जुळवायचा. दुसरा उंच आणि कोरडा, फक्त आणीबाणीसाठी. जुळवलेला असेपर्यंत आवाज जवळपास शून्य. मात्र पंपाचा वेग बदलला, पाईपमध्ये शेवाळ धरलं की ओव्हरफ्लो बॉक्समधली पातळी सरकते आणि व्हॉल्व्ह पुन्हा जुळवावा लागतो. ज्याला रोज टाकीपाशी पाच मिनिटं उभं राहायला आवडतं त्याला हे जमतं.

बीन ॲनिमलला तीन पाईप. एक सायफन, एक उघडा, त्यातून जास्तीचं थोडंसं पाणी झिरपत राहतं, आणि तिसरा कोरडा. सायफन तुंबला तर बॉक्समधली पातळी चढते, उघड्या पाईपची हवेची नळी पाण्याखाली जाते आणि तोच सायफन होऊन भार उचलतो. तोही तुंबला तर तिसरा आहेच. बारीकसारीक फरक मधला पाईप सांभाळून घेतो, म्हणून व्हॉल्व्हला सारखा हात लावावा लागत नाही. किंमत मोजावी लागते ती जागेत: तीन भोकं, आणि बॉक्स मागे बाहेरून लावला तर टाकी भिंतीपासून पंधरा-वीस सेंमी पुढे घ्यावी लागते.

नवी टाकी बनवून घेत असाल तर बीन ॲनिमलच घ्या. दोन भोकांची तयार टाकी मिळाली असेल तर हर्बी करा आणि रिटर्न काठावरून आत सोडा. एक भोक आणीबाणीला आणि एक सायफनला जायलाच हवं. आणीबाणीच्या पाईपला कुठेही व्हॉल्व्ह नको, आणि तो दुसऱ्या पाईपला जोडायचा नाही. शिवाय सायफन पाईपचं खालचं टोक संपच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवा. जास्त बुडवलं तर लाईट आल्यावर पाईपमधली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरायला फार वेळ लागतो.

पंप बंद पडला की

आता आकडे पाहू. १८० × ६० सेंमीच्या टाकीत दर सेंमी पातळीला १०.८ लिटर पाणी असतं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ४ सेंमी असेल तर पंप थांबताच ४३ लिटर पाणी त्याच पाईपमधून उलटं खाली येणार, शिवाय ओव्हरफ्लोच्या कडेवरचं आणि बॉक्समधलं वीसेक लिटर वेगळं. १२० × ४५ × ४० चा संप २४ सेंमी भरून चालवलात तर वर ८६ लिटर जागा राहते आणि हे सगळं मावतं. तोच संप ३० सेंमीवर चालवलात तर ५४ लिटरच जागा उरते आणि उरलेलं पाणी फरशीवर येतं.

यावर लोक दोन उपाय करतात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) की तोंड वर घेणं? तोंडच वर घ्या, पृष्ठभागाच्या एक-दीड सेंमी खाली. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पडद्यावर चुनखडीच्या नळ्या करणारे किडे आणि कचरा बसतो, आणि नेमक्या गरजेच्या रात्री तो पूर्ण मिटत नाही. पाईपला सायफन तोडणारं भोक पाडलं असेल तर तेही शेवाळाने बुजतं.

उलट बाजूही तपासा. ओव्हरफ्लो पूर्ण तुंबला आणि पंप चालूच राहिला तर? संपमधल्या पंपाच्या कप्प्यात ३० लिटरच पाणी असेल तर वरची पातळी जेमतेम ३ सेंमी चढेल. तेवढा काठ मोकळा ठेवला असेल तर थेंबही सांडत नाही. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवा.

डीसी पंप की एसी? एसी पंप साधा आणि टिकाऊ, बिघडायला त्यात फारसं काही नसतं. डीसीचा वेग कमी-जास्त करता येतो आणि वीज कमी लागते, पण त्याचा कंट्रोलर दमट, खाऱ्या हवेत खराब होतो, तो स्टँडच्या बाहेर लावावा. घरात इन्व्हर्टर असेल तर मी डीसी घेईन. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर एसी पंप तापतो आणि गुणगुणतो. खरं तर लाईट गेल्यावर माशांचा जीव वाचवतो तो वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी ढवळणारा छोटा पंप. पृष्ठभाग हलता राहिला की ऑक्सिजन मिळत राहतो. पंधरा-पंधरा वॅटचे दोन वेव्हमेकर १५० एएचच्या बॅटरीवर दिवसभर चालतात. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) आणि हीटर इन्व्हर्टरवर टाकू नका. आणि टाकीचा सगळा बोर्ड ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, त्यात पर्याय नाही.

हार्डवेअरच्या दुकानात

दोन घोटाळे इथे नेहमी होतात. पहिला मापाचा. घरातल्या प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी पाईप इंचात येतो, एक इंचीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी. शेतीचा पीव्हीसी मिमीमध्ये येतो, ३२ मिमी. हातात दोन्ही सारखेच वाटतात, जोडही अर्धामुर्धा बसतो, आणि प्लंबर भरपूर सोल्युशन लावून वेळ मारून नेतो. आठवड्याने तिथूनच थेंब यायला लागतो. आयात केलेले टँक कनेक्टर बहुधा मिमीचे असतात, म्हणून आधी कनेक्टर विकत घ्या, मग ते घेऊन पाईप आणायला जा.

दुसरा घोटाळा धातूचा. गेट व्हॉल्व्ह मागितला की दुकानदार पितळी काढून देतो. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मरतात. सायफनला प्लास्टिकचाच गेट व्हॉल्व्ह लागतो, तो मागवून घ्यावा लागला तरी चालेल. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण उघडतो, त्याने बारीक जुळवणी होत नाही. बंद-चालू करण्यापुरता, पंपाच्या वरच्या बाजूला तो ठीक आहे.

पक्का पाईप की लवचीक होज? खाली येणारे पाईप पक्के करा, ९० ऐवजी ४५ चे एल्बो वापरा, दोन्ही टोकांना युनियन (उघडता येणारा जोड) द्या. पंपापासून पहिली फूटभर मात्र सिलिकॉन होज घ्या, पंपाची थरथर स्टँडला जात नाही.

संप खाली की ड्राय बाल्कनीत

ड्राय बाल्कनीत संप ठेवला की आवाज जातो, खारा दमटपणा हॉलमधून जातो, मीठ-पाण्याची कामं तिथेच होतात. हे फायदे खरे आहेत. पण भिंतीतून नेलेले आडवे पाईप हवा धरतात, त्यांना सतत उतार लागतो, पंप मोठा लागतो, आणि पश्चिमेच्या उन्हात संप तापतो. फ्लॅटमध्ये संप टाकीखालीच बरा. बंगल्यात शेजारची सावलीतली खोली मिळत असेल तर जरूर तिथे न्या.

स्टँड

एमएसच्या (साध्या पोलादाच्या) ५० × ५० चौकोनी पाईपचा स्टँड कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो आणि ताकदीची चिंता उरत नाही. चिंता गंजाची. पावडर कोटिंग वेल्डिंगच्या कोपऱ्यात नीट पोचत नाही, आणि मीठ नेमकं तिथेच साचतं. आधी इपॉक्सी प्रायमर, पाईपची तोंडं झाकलेली, हे कबूल करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने वरची चौकट पिळते, म्हणून ताबा घेताना चारही कोपरे लेव्हलच्या पाण्याच्या नळीने मोजा.

मरीन प्लाय, आयएस ७१० चा, हॉलमध्ये सगळ्यात छान दिसतो. धोका सुताराच्या सवयीचा असतो. किचन ट्रॉलीच्या खोक्यात वरची फळी बाजूंच्या मध्ये अडकवून स्क्रू मारतात. तसं झालं तर हजार किलो स्क्रूंवर लटकतात. वरची फळी उभ्या आधारांच्या डोक्यावर बसली पाहिजे, आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद.

ॲल्युमिनियम प्रोफाइल, ४० × ८० च्या आडव्या आणि ४० × ४० च्या उभ्या, भोसरी-चाकणकडे कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांकडे मापात कापून मिळतात. गंज नाही, वेल्डिंग नाही, घर बदललं तर बोल्ट काढून नेता येतो. तिन्हींत महाग हाच. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने आणि समुद्राजवळच्याने तरी हा घ्यावा, इतरांना इपॉक्सी लावलेला एमएस पुरे. विटा आणि ग्रॅनाइटचा ओटा तळमजल्यावर उत्तम, वरच्या मजल्यावर मात्र तो स्वतःचंच तीन-चारशे किलो वजन वाढवतो.

एमएस असो की ॲल्युमिनियम, १८० सेंमीचा गाळा मधल्या पायांशिवाय काही मिमी झोल खातोच, आणि काचेला तो चालत नाही. मधला पाय आला की १२० सेंमीचा संप समोरून आत जात नाही. तो बाजूने सरकेल अशी चौकट आधीच आखा.

गारवा

पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं. पृष्ठभागावर फुंकणारे पंखे बाष्पीभवनाने पाणी गार करतात, म्हणून कोरड्या हवेत ते फार चांगले. पुण्याच्या एप्रिलमध्ये पंखे आणि आपोआप आरओचं पाणी भरणारी यंत्रणा यांवर निभावतं. नागपूरचा मे मात्र पंख्यांच्या आवाक्याबाहेर जातो, तिथे चिलर सोबतीला लागतो. मुंबई, कोकण, गोव्यात हवेतच इतकी आर्द्रता असते की पंख्याने अंश-दीड अंशाचा फरक पडतो, तिथे चिलरला पर्याय नाही. चिलर स्वतः गरम हवा सोडतो, तो स्टँडच्या बंद कपाटात ठेवलात तर स्वतःच्याच उष्णतेशी झगडत बसतो. आज चिलर घ्यायचा नसला तरी रिटर्नवर त्याच्यासाठी दोन टी आणि दोन बॉल व्हॉल्व्ह आत्ताच टाकून ठेवा. भरलेल्या टाकीचा पाईप मे महिन्यात कापण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.