पाणी तपासायचंय की पेशी बघायच्यात? पॉलिमर डॉट्स आणि कार्बन डॉट्स

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणीकडे कितीतरी गावांच्या हातपंपाला फ्लोराइडचं पाणी येतं. तिथली पोरं दातांवर पिवळे पट्टे घेऊनच आमच्या कॉलेजात येतात. म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पात चमकणारे नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) घ्यायचे म्हटलं की बहुतेकांना पाणीच तपासायचं असतं. मोबाइलवर मात्र देखणे फोटो दिसतात पॉलिमर डॉट्सचे, म्हणजे चमकणाऱ्या पॉलिमरच्या नॅनोकणांचे, आणि मन तिकडे जातं.

पेशीच्या आत बघायचं असेल तर पॉलिमर डॉट्सच घ्या. पीएफबीटीसारखा चमकणारा पॉलिमर टीएचएफ या द्रावकात विरघळवून सोनिकेटरमधल्या (ध्वनिलहरींनी घुसळणाऱ्या यंत्रातल्या) पाण्यात झटक्यात सोडायचा. पाणी न मानवणाऱ्या साखळ्या गोळा होऊन कण बनतात, मग टीएचएफ उडवायचं. उजेड भरपूर, आणि २०२३चं नोबेल मिळालेल्या क्वांटम डॉट्समध्ये (अर्धवाहकाच्या चमकणाऱ्या नॅनोकणांमध्ये) बरेचदा असतं तसं कॅडमियम नाही. पण पॉलिमर महाग, शिवाय फ्लुओरेसन्स (चमक दाखवणारा) मायक्रोस्कोप आणि पेशी वाढवायची सोय हवी. त्यासाठी नागपूर गाठावं लागतं. पॉलिस्टायरिनमध्ये रंग भरलेले कण स्वस्त पडतात, पण रंग हळूहळू बाहेर झिरपला की निकाल फसतो.

पाण्यासाठी माझं मत ठाम आहे: कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, त्यात युरिया, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं ऑटोक्लेव्ह (घट्ट बंद होणारं भांडं), ओव्हनमध्ये १८० अंशांवर काही तास. लाइट जाणार नाही अशी वेळ साधा. युरिया प्रयोगशाळेतलाच घ्या, शेतातल्याला निंबोळी तेलाचा लेप असतो. निघालेलं द्रावण दिवसा पातळ चहासारखं दिसतं. अंधारात ३६५ नॅनोमीटरची टॉर्च मारली की निळं पेटतं. पहिल्यांदा ते बघताना मुली श्वास रोखून उभ्या राहतात. पण डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पडद्यातून छोटे रेणू गाळून काढणं) केल्याशिवाय आनंद मानू नका, सोबत तयार झालेले छोटे रेणूही तसेच चमकतात.

नुसते कण फ्लोराइड ओळखत नाहीत. झिर्कोनियमसारखा फ्लोराइडला ओढणारा धातू मध्ये लागतो: त्याने चमक दबते, फ्लोराइडने तो ओढून नेला की परत येते. फॉस्फेटही झिर्कोनियमला धरतं, लोह चमक मारतं, म्हणून दोन्ही वेगळे तपासा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. एवढ्याशा अंतरात तुमची पद्धत फरक दाखवते का, हे फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडशी ताडून बघा.

नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत आणा, काचेच्या नको. बाटलीवर हातपंपाची जागा आणि तारीख लिहा, म्हणजे निकाल त्याच गावच्या ग्रामपंचायतीला नेऊन देता येईल.