सात महिने वापरलेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप, आणि त्यातले दोन निळे दिवस

गडहिंग्लजमध्ये माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, कधीमधी एखाद्या निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र. गेल्या दिवाळीत मी कोल्हापुरातून एक रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि ठाकठीक करून परत विकलेला, डेस्कटॉप घेतला. त्याला आता सात महिने झाले. 'घेऊ का नको' असं विचारणारे आठवड्याला एकदोन भेटतातच, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

घेण्याचं कारण साधं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट संपले आणि माझ्या जुन्या मशीनच्या चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरवर विंडोज ११ बसत नव्हतं. ११ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडलेली आठव्या पिढीची मशीनं आता बाजारात ढिगानं आहेत. मला आय५-८५००, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) असलेलं मशीन साडेसतरा हजारांत मिळालं. मॉनिटर माझा जुनाच.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. मशीनला व्हीजीए पोर्ट नाही, त्यामुळे जुन्या मॉनिटरसाठी कन्व्हर्टर घ्यावा लागला. पंख्याचा आवाज जवळपास नाहीच. उन्हाळ्यात पत्र्याखालीही मशीन कुरकुरलं नाही. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ मागं पडायला लागलं, ते मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल बदलल्यावर सुटलं. रिफर्बिश्ड घेताना हा सेल दुकानातच बदलून घ्या, सीआर२०३२ नावाचा मिळतो. प्रोसेसरच्या सहा कोअरचा फरक कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगलाच जाणवतो. जड सावल्यांची पत्रिका आधी उघडेपर्यंत चहा व्हायचा, आता कप हातात घ्यायलाही वेळ मिळत नाही.

आता मुख्य प्रकरण.

या धंद्यातल्या जुन्या माणसांना 'लॉक' म्हणजे काय ते सांगायला नको. मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर चालायचं तर यूएसबीला एक छोटी कांडी लावावी लागते. ती नसेल तर अक्षरं उमटत नाहीत. माझं लॉक पंधरा-सोळा वर्षांचं. जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज १० होतं, तिथं त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती कांडी ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, मुकाट्यानं चालायचा. पण विंडोज ११ ३२ बिटमध्ये येतच नाही. सॉफ्टवेअरच्या सीडीवर ६४ बिटचाही ड्रायव्हर होता, विंडोज ७च्या काळातला. बघू तरी, म्हणून लग्नसराईच्या ऐन मध्यात एका शनिवारी संध्याकाळी मी तो टाकला. या वेळेच्या निवडीबद्दल बायकोनं जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

ड्रायव्हर बसला, रीस्टार्ट मागितला, मी दिला. कंपनीचा लोगो आला, खाली ठिपक्यांचं गोल फिरलं आणि स्क्रीन निळी झाली. परत सुरू, परत निळी. तिसऱ्यांदा 'ऑटोमॅटिक रिपेअर' आलं, दहा मिनिटं काहीतरी शोधलं आणि दुरुस्त करता आलं नाही म्हणून हात वर केले. लॉक उपसून पाहिलं, काही फरक नाही. मग आपल्याकडचा जो पहिला उपचार असतो तो केला. कॅबिनेट उघडलं, रॅमच्या पट्ट्या काढल्या, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, परत बसवल्या. निळी.

रात्री शेजारच्या दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. पोरगा गुणी, पण त्याच्याकडं सगळ्या रोगांवर एकच औषध. "काका, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारूया, पाचशे रुपये." फायली? "फायली ठेवूनच रीसेट करतो की." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण विंडोजच्या त्या रीसेटमध्ये 'फायली ठेवा' म्हटलं तर कागदपत्रं, फोटो राहतात, टाकलेले प्रोग्रॅम मात्र सगळे जातात. डीटीपीवाल्याचा निम्मा जीव असतो विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर काही 'फायलीं'त धरलं जात नाही. मागं एकदा जुन्या मशीनवर हे भोगलंय. पत्रिकेची फाइल जशीच्या तशी होती, उघडल्यावर मात्र वधूच्या नावाच्या जागी नुसते चौकोन.

म्हणून आधी पुण्याच्या भाचीला फोन लावला. ती एका ऑफिसात सिस्टीम सांभाळते.

"मामा, कंपनीचा लोगो येतो का?"

"येतो की."

"आणि खाली गोल फिरतंय?"

"फिरतंय."

"मग तुमचं मशीन धडधाकट आहे. रॅम किंवा डिस्क मेली असती तर बहुतेक तिथवर पोचलंच नसतं. ड्रायव्हर टाकल्यावरच झालंय ना? मग फॉरमॅट नको. निळ्या स्क्रीनवर खाली काय लिहिलंय ते वाचा."

तोवर मी ती स्क्रीन वाचलीच नव्हती. अशी स्क्रीन दिसली की माणूस तोंडच फिरवतो. मोबाइलवर फोटो काढला. 'सिस्टीम थ्रेड एक्सेप्शन नॉट हँडल्ड', आणि खाली 'व्हॉट फेल्ड' पुढं एका फाइलचं नाव, शेवटी डॉट एसवायएस. फाइल लॉकच्या ड्रायव्हरचीच होती, नावावरूनच कळत होतं. गुन्हेगार स्वतःचं नाव सांगत होता आणि आम्ही रॅमला खोडरबर लावत बसलो होतो.

लॉक काढूनही हे का, तर या जुन्या ड्रायव्हरांचा एक भाग कांडीची वाट बघत नाही, विंडोजबरोबरच उठतो. तो विंडोजच्या गाभ्यात बसतो. साधा प्रोग्रॅम पडला तर एकटा पडतो, गाभ्यातला ड्रायव्हर पडला तर घर घेऊनच पडतो.

पुढचा उपाय म्हणजे सेफ मोड. त्यात विंडोज फक्त जगण्यापुरते ड्रायव्हर घेऊन उठतं. मी सवयीनं एफ८ बडवत बसलो, पण विंडोज ८पासून ते दार बंदच असतं. आता 'ट्रबलशूट'मधून 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', तिथून 'स्टार्टअप सेटिंग्ज', रीस्टार्ट, आणि येणाऱ्या यादीत ४ दाबायचा. 'ट्रबलशूट'ची ही निळी पाटी स्वतःहून येत नसेल तर गोल फिरायला लागलं की बटण दाबून धरून मशीन बंद करायचं. असं दोनतीनदा केलं की येते. त्याच पानावर मशीन आधीच्या स्थितीला नेणारं 'सिस्टीम रिस्टोअर' दिसलं म्हणून आधी ते दाबून पाहिलं. मागं जायला एकही बिंदू नव्हता. ते बंदच होतं आणि सुरू करायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

'स्टार्टअप सेटिंग्ज' दाबल्यावर ४ची यादी येण्याआधीच मशीननं ४८ आकडी किल्ली मागितली. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, त्याची रिकव्हरी की. मी असली किल्ली कधी लावलीच नव्हती. भाचीनं समजावलं: विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून मशीन नव्यानं बसवून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की डिस्कला बहुधा आपोआप कुलूप लागतं, आणि किल्ली त्या अकाउंटात जाऊन बसते. मोबाइलवर माझ्या अकाउंटात पाहिलं. रिकामं. कारण विंडोज बसवताना दुकानदारानं स्वतःचं अकाउंट टाकलं होतं आणि मला नंतर साधं लोकल खातं काढून दिलं होतं. म्हणजे माझ्या घराची किल्ली कोल्हापुरात दुकानदाराच्या खिशात. पोरगा म्हणाला एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावू. लावली. तिथंही तेच ४८ आकडे. म्हणजे फॉरमॅट मारला असता तर उरल्यासुरल्या फायलींचाही निकाल लागला असता.

रविवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी फोन लागला. दुकानदाराला यात काही विशेष वाटलं नाही. त्याच्या त्या एका अकाउंटात अशा बऱ्याच मशीनांच्या किल्ल्या एकाखाली एक पडल्या होत्या. माझ्या स्क्रीनवरच्या आयडीची पहिली आठ अक्षरं मी वाचून दाखवली, त्यानं जुळवली, आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट फोनवर सांगितले. मी ते पंचांगाच्या मागं लिहून घेतले. बायकोनं ते पान अजून फाडू दिलेलं नाही.

किल्ली लागली, सेफ मोड उघडला. चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेला काळा पडदा इतका गोड कधी वाटला नव्हता. सरळ कंट्रोल पॅनेलमधून ड्रायव्हर काढायला गेलो, तर 'विंडोज इन्स्टॉलर' सेवा चालू नाही म्हणे. सेफ मोडमध्ये ती नसतेच. मग भाचीनं आडवाट सांगितली. विंडोजच्या सिस्टीम३२मध्ये ड्रायव्हर्स नावाचं फोल्डर आहे, तिथं फोटोतल्या नावाची फाइल शोधायची आणि पुसायची नाही, फक्त नाव बदलायचं. मी तारखेवरून शोधत होतो आणि सापडत नव्हती. फाइलवर तारीख होती ती बनवल्याची, जुनी, मी टाकल्याची नव्हे. नावानं शोधल्यावर लगेच मिळाली. शेवटी 'जुनी' जोडलं आणि रीस्टार्ट केलं. डेस्कटॉप आला. मग नेहमीच्या विंडोजमध्ये जाऊन तो ड्रायव्हर रीतसर काढला. खरं काम पाच मिनिटांचं, बाकी दोन दिवस किल्लीत गेले.

भाची म्हणाली, "मामा, तुम्ही एकटे नाही." १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं अशीच निळी पडली होती. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटत होते, ते हेच. तिथंही उतारा हाच होता: सेफ मोड, ड्रायव्हर्सचं फोल्डर, एक फाइल बाहेर. आणि बिटलॉकर असलेल्या मशीनांवर आधी ते ४८ आकडे शोधण्यातच तिच्याही रात्री गेल्या होत्या.

त्यानंतर मशीनमध्ये तीन बदल केले. डिस्कचं कुलूप एकदा काढून माझ्या अकाउंटानं परत लावलं, किल्ली कागदावर उतरवून फायलीत ठेवली. सिस्टीम रिस्टोअर चालू केलं, एसएसडीची थोडी जागा खातं, खाऊ दे. आणि 'कोअर आयसोलेशन'मधली मेमरी इंटिग्रिटी चालू केली, ती असले जुने ड्रायव्हर बहुधा आत घेतच नाही. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्हही केला आहे, अजून वापरायची वेळ आली नाही.

लॉकचं काय, तर ते गेलं परत जुन्या आय३वर. त्याचं इंटरनेट काढून टाकलं. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधली जुनी कामं तिथं उघडतो, पीडीएफ करतो आणि पेन ड्राइव्हनं इकडं आणतो. नवीन सगळं युनिकोडमध्येच, त्या फॉन्टना लॉक लागत नाही. हे आधीच करायला हवं होतं, पण गुरुजींच्या आत्मचरित्राची तिसरी आवृत्ती त्या जुन्या फॉन्टमध्ये अडकली आहे आणि गुरुजींना दुसरं वळण चालत नाही.

मशीनला माझ्याकडून पैकीच्या पैकी नाही, पण नव्वद टक्के देतो. जे झालं त्यात त्याचा दोष नव्हता. परवा बायकोच्या कामासाठी त्याच दुकानातून असलंच दुसरं घेतलं. काउंटरवर पैसे ठेवण्याआधी दुकानदाराला विंडोज माझ्यासमोर पहिल्यापासून बसवायला लावलं. ईमेल मागणाऱ्या पानावर तो सवयीनं स्वतःचा टाकायला लागला, तेव्हा कीबोर्ड माझ्याकडं ओढून घेतला.