कुपवाडमधील एक वायरकट वर्कशॉप : संशोधनाच्या नमुन्यांपुरता अभिप्राय

सांगलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नोकरी करता करता मी टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या मशिनिंगवर पीएच.डी. केली. त्या सगळ्या काळात माझे नमुने कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एकाच वायरकट (म्हणजे बारीक तारेतून उडणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या) वर्कशॉपमध्ये कापले गेले आणि आता माझे विद्यार्थीही तेथेच जातात. पुढे एक तक्रार येणार असल्याने वर्कशॉपचे नाव देत नाही.

तेथे दोन प्रकारची यंत्रे आहेत. एकावर ०.१८ मिलिमीटर व्यासाची मॉलिब्डेनमची तार ड्रमवर मागे-पुढे फिरत पुन्हा पुन्हा वापरली जाते, तर दुसऱ्यावरची ०.२५ मिलिमीटरची पितळी तार एकदाच वापरून भंगारात जाते. पहिल्या यंत्राचा दर बराच कमी असल्याने महाविद्यालयाच्या तुटपुंज्या निधीला त्याचाच मोह पडतो. परंतु मॉलिब्डेनमची तार वापरागणिक बारीक होत जाते, त्यामुळे पहिला आणि नववा नमुना सारख्याच तारेने कापला, असे छातीठोकपणे लिहिता येत नाही. साध्या जॉबमध्ये हा फरक खपून जातो, प्रबंधात खपत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर ते नमुन्याच्या आकारात वाचवावेत. बिल कापलेल्या क्षेत्रफळावर होते. २० मिलिमीटर जाडीच्या पट्टीत ५० मिलिमीटर लांबीचा काप घेतला की १००० चौरस मिलिमीटर भरतात. खडबडीतपणा मोजताना ०.८ मिलिमीटरचे पाच टप्पे, म्हणजे ४ मिलिमीटर लांबी लागते. त्यासाठी १० मिलिमीटरची बाजू पुरेशी असताना विद्यार्थी उगाच मोठे तुकडे कापून घेतात.

या वर्कशॉपची शिफारस मी करतो ती मात्र तेथील ऑपरेटरच्या वहीमुळे. आमच्या प्रयोगात पल्स ऑन व पल्स ऑफ (ठिणगीचा वीजप्रवाह चालू आणि बंद राहण्याचा काळ), सर्वो व्होल्टेज (तार आणि धातू यांतले अंतर राखणारा विद्युतदाब) आणि तारेचा ताण असे चार घटक प्रत्येकी तीन पातळ्यांवर होते. सगळी जुळणी करायची तर ८१ काप घ्यावे लागले असते, मोजक्याच जुळण्या निवडून प्रयोग बसवणाऱ्या तागुचीच्या एल-९ आराखड्यात ते नऊंवर येतात. नऊच नमुने असले म्हणजे त्यांतला एकही वाया घालवणे परवडत नाही. कारखान्यातील रीत अशी की तार तुटू लागली की ऑपरेटर पल्स ऑफचा काळ जरासा वाढवतो आणि काम निभावून नेतो. कारखानदाराच्या हिशेबी ते कौशल्य असते, पण आमचा नमुना तेवढ्याने बाद होतो आणि तो बाद झाल्याचे आम्हाला कळतसुद्धा नाही. येथील ऑपरेटरने वहीत लिहून ठेवले होते : ‘सहावा पीस, तार दोनदा तुटली, सेटिंग तेच ठेवले.’ तार तुटून काप पुन्हा सुरू झाला की त्या जागी पृष्ठभागावर एक रेघ उमटते. नोंद हाताशी असल्यामुळे रेघ टाळून मोजमाप घेता आले. काप ज्या पाण्यात होतो त्याची विद्युतवाहकता फारशी बदलू नये म्हणून नऊही काप एकाच पाळीत घेण्याची माझी विनंतीही त्यांनी मान्य केली, अर्थात ती पाळी रात्रीची होती.

आता तक्रार. दुसऱ्या वर्षी नमुने आणायला गेलो तेव्हा हेल्परने मोठ्या आपुलकीने पुडी हातात ठेवली. “सर, पॉलिश पेपर मारून दिलेत बघा, एकदम चकाचक!” ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेला जो थर मला तपासायचा होता, तो जागोजागी घासला गेला होता आणि खडबडीतपणाच्या मोजमापाला काही अर्थच उरला नव्हता. रागवावे तरी कोणावर? किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखानदारी नांदत आलेल्या या जिल्ह्यात गिऱ्हाइकाच्या हाती खरबरीत जॉब देणे कमीपणाचे मानले जाते. तरीही दोष वर्कशॉपचाच होता, कारण ‘कापल्यानंतर हात लावू नये’ ही सूचना मी मालकांना तोंडी दिली होती आणि ती खालपर्यंत पोहोचलीच नव्हती. त्यांनी नऊही नमुने पुन्हा कापून दिले आणि मजुरी घेतली नाही. धातूचा खर्च मात्र माझ्या अंगावर पडला आणि टायटॅनियम काही स्वस्त नाही.

वेळेच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. कारखान्यांची डायची कामे आधी होतात आणि प्राध्यापकांचे दोन तुकडे शेवटी, हे गृहीत धरून महिनाभर आधी जावे. दरपत्रक मागितले की मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण खरेदी विभागाला हवे तसे बिल ते देतात.

आता माझा एक विद्यार्थी इन्कोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूचे काप घेण्यासाठी तेथे जात आहे. चलनावर मी लाल शाईने ‘घासू नये, पुसू नये, प्रत्येक पीस वेगळ्या पिशवीत’ असे लिहून दिले होते. परवा पहिले तीन नमुने आले ते पिशव्यांत, वर वर्तमानपत्राची घडी आणि तिच्यावर त्याच हेल्परच्या अक्षरात : ‘पॉलिश नाही.’