स्टेलॅरियममध्ये १८६८ चं खग्रास ग्रहण: गणित चोख, चित्र उसनं

जुनी ग्रहणं पडद्यावर पुन्हा लावून बघायची असतील तर डेस्कटॉपवरचं स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर हवंच. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि गणित भरवशाचं आहे. मात्र तारीख टाकून मोकळं झालात तर हमखास फसाल.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण घ्या. आंध्रातल्या गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी वर्णपटदर्शकातून सौरज्वाला पाहिल्या, तेच हे ग्रहण. एफ१० दाबून ग्रहणांची यादी काढली की सारोस (सुमारे अठरा वर्षांनी परतणाऱ्या ग्रहणांची मालिका) १३३ आणि प्रत (चंद्रबिंब सूर्यबिंबाच्या किती पट, ते) १.०७५ च्या घरात दिसते. पण या यादीतली वेळ पृथ्वीवरच्या महत्तम ग्रहणाची असते. ते झालं सयामच्या (आजच्या थायलंडच्या) आखाताकडे, जिथे खग्रास स्थिती ६ मिनिटं ४७ सेकंद टिकली. त्या क्षणी गुंटूरची खग्रास स्थिती केव्हाच आटोपलेली होती. म्हणून आधी एफ६ मध्ये ठिकाण बसवा (१६.३० उत्तर, ८०.४५ पूर्व) आणि मग स्थानिक ग्रहणांची यादी काढा.

दुसरी गोम घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची. त्याआधीच्या नोंदी स्थानिक वेळेत असतात. गुंटूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ८ मिनिटं मागे, कोकणातल्या विजयदुर्गची जवळपास ३७ मिनिटं. ठिकाणाच्याच खिडकीत स्वतंत्र कालक्षेत्राचा पर्याय आहे. तिथे स्थानिक माध्य सौरवेळ निवडली नाही, तर जुन्या नोंदींशी मेळ बसत नाही आणि दोष उगाच सॉफ्टवेअरला जातो.

तिसरी चूक क्वचित होते, पण झाली तर घोळ मोठा. निरीक्षकाच्या जागेवरून स्थान मोजण्याची खूण चुकून निघाली, तर चंद्र पृथ्वीच्या केंद्रावरून पाहिल्यासारखा दिसतो. पराशय (बघण्याची जागा बदलल्याने दिसणारा स्थानातला फरक) एक अंशापर्यंत, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट. ग्रहण तरीही दिसतं, फक्त भलत्या वेळी. त्यामुळे चूक लवकर लक्षातच येत नाही.

सगळं जुळलं की जे आणि एल या कळांनी काळाचा वेग कमी-जास्त करा, ए दाबून वातावरण काढून टाका. सूर्यापासून जेमतेम अडीच अंशांवर मघा तारा सापडतो. या एका दृश्यासाठी एवढी खटपट करावी.

नाराजी आहे ती प्रभामंडलाबद्दल, म्हणजे खग्रास स्थितीत सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाबद्दल. इथे एकच ठरलेलं चित्र प्रत्येक ग्रहणाला चिकटवलेलं आहे. १८६८ हे १८६७ च्या सौर किमानाला (सूर्यावरचे डाग सर्वांत कमी असतात तो काळ) लागून आलेलं. अशा वेळी प्रभामंडल विषुववृत्ताच्या दिशेने लांब पसरतं. १८७० च्या कमालानंतर, १२ डिसेंबर १८७१ ला दक्षिण भारतातूनच दिसलेल्या ग्रहणात त्याचा घाट निराळा असणार. पडद्यावर दोन्ही सारखीच. चंद्राच्या कडेवरचे डोंगर-दऱ्याही ग्रहणाच्या वेळा काढताना धरलेले नाहीत, त्यामुळे खग्रास स्थितीच्या आरंभ-अखेरीत काही सेकंद इकडेतिकडे होतात आणि बेलीच्या मण्यांचा (चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांतून चमकणाऱ्या प्रकाशठिपक्यांचा) क्रम ताडून पाहता येत नाही. वर्णपटातली हेलियमची ५८७.५ नॅनोमीटरची ती पिवळी रेषा इथे दिसेल ही अपेक्षाच ठेवू नका.

विजयदुर्गाचं ठिकाण टाकलं तर १८६८ चं ग्रहण तिथेही खग्रासच दिसतं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी त्याच ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. पण त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्यांच्या विजयदुर्गच्या मुक्कामातलं ग्रहण पाहायचं तर तारीख २२ जानेवारी १८९८ टाका.